सामाईक फोल्डर

आमच्या ऑफिसातली भांडणं थांबली तेव्हा मी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. ऑफिस म्हणजे कोल्हापुरात कळंब्यात आमच्या घराच्या वरच्या मजल्यावरची खोली. तिच्यात दोन टेबलं आणि समोरासमोर बसणारी आम्ही दोघं, मी आणि माझा धाकटा भाऊ. तिसरं माणूस नाही. खालून आई चहाला हाक मारते, तिला धरलं तर आमच्याकडे व्यवस्थापनही आहे असं म्हणता येईल.

कामाची वाटणी साधी होती. माहिती साठवायची, तपासायची आणि ज्याची त्याला पोचवायची, हे सर्व्हरचं काम माझं. लोकांना मोबाईलवर जे दिसतं आणि जी बटणं ते दाबतात, ते सगळं भावाचं. मी बरीच वर्षं पुण्यात हेच करून परत आले होते. तो तेव्हा शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या तपासणी विभागात होता. थंड झालेली कास्टिंग, म्हणजे साच्यातून काढलेले ओतीव भाग, हातात घ्यायची, फिरवून बघायची, भोक किंवा चीर दिसली की बाजूला टाकायची. मी म्हटलं, सोड ते, माझ्याबरोबर ये, मी शिकवते. तो "व्हय अक्का" म्हणाला आणि थोड्याच दिवसांत राजीनामा देऊन आला. त्याला यायचं होतं की नव्हतं हे मी विचारलं नाही. तो तिथे खूष होता असं आई नंतर कधीतरी बोलता बोलता म्हणाली, तेव्हा मी तिच्यावरच खेकसले.

आमच्या घरात विचारायची पद्धत नाही. थोरल्याने सांगायचं आणि धाकट्याने व्हय म्हणायचं. वडील शाळेत मास्तर होते आणि घरी आल्यावरही मास्तरच राहायचे. त्यांना तोंडावर नाही म्हणायची छाती आमच्यापैकी कुणालाच झाली नाही. शिकवणीला जातोस ना, म्हटलं की भाऊ व्हय म्हणायचा आणि वही सायकलला लावून थेट फुटबॉलची मॅच गाठायचा. मीही काही कमी नव्हते. वडिलांना जे हवं ते तोंडाने म्हणायचं आणि आपल्याला जे हवं ते मागल्या दाराने करायचं, यात आम्ही दोघं तयार झालो होतो. त्यामुळे पुढे जे झालं ते मला सगळ्यात आधी ओळखता यायला हवं होतं.

आमची भांडणं व्हायची ती माहितीच्या आकारावरून. सर्व्हर मोबाईलला माहिती पाठवतो ती ठरलेल्या आकारात असते. हे नाव, हा आकडा, ही तारीख, हे असलंच पाहिजे, ते नसलं तरी चालेल. अशा वर्णनाला टाइप म्हणतात. मी माझ्या बाजूला माझं वर्णन लिहायची, भाऊ त्याच्या बाजूला त्याचं लिहायचा, आणि दोन्ही एकमेकांशी जुळतात असं आम्ही देवावर हवाला ठेवून धरून चालायचो. मग मी कधीतरी गावाच्या जागी आकडा होता तो बदलून शब्द करायची आणि त्याला सांगायला विसरायची. इकडे त्याची स्क्रीन पांढरी फटक.

"अक्का, काय बदललंस?"

"काल सांगितलं की."

"कवा सांगितलंस?"

"जेवताना."

"जेवताना कोण ऐकतंय?"

आम्हा कोल्हापूरकरांचा साधा बोलण्याचा आवाजच एवढा असतो, की भांडणाचा कुठवर जात असेल ते सांगायला नको. शेजारच्या काकू गच्चीवर पापड वाळत घालायला आल्या की हमखास खाली जाऊन आईला विचारायच्या, पोरांचं वाटणीवरून बिनसलंय काय.

यावर उपाय होता आणि तो मला पुण्यापासून माहीत होता. वर्णन एकाच जागी लिहायचं. एक फोल्डर करायचा, त्यात सगळे टाइप ठेवायचे, आणि सर्व्हरच्या कोडने व मोबाईलच्या कोडने दोघांनी तिथूनच घ्यायचे. मग मी काही बदललं की त्याच्या कोडखाली त्याच क्षणी लाल रेघ उमटते. ती रेघ पुसल्याशिवाय ॲप तयारच होत नाही. सांगायला तोंड लागत नाही आणि विसरायची सोय राहत नाही. मी तसा फोल्डर केला, त्याला सामाईक असं नाव दिलं, आणि आमच्या खोलीत शांतता पसरली.

मला त्या शांततेचा फार अभिमान होता. पुण्यातल्या जुन्या मैत्रिणींना फोन करून मी सांगत असे की आमच्याकडे आता सर्व्हर आणि स्क्रीन यांच्यात शब्दाचाही वाद होत नाही. खरं होतं ते. भाऊ सकाळी यायचा, हेडफोन लावायचा आणि काम करायचा. लाल रेघ आली की दुरुस्त करायचा. आई एकदा चहा घेऊन वर आली आणि म्हणाली, तुमचं भांडण झालंय काय, आवाज येईना. मी हसले. म्हटलं, आई, आता आम्ही शहाणी झालोय.

नाव सामाईक असलं तरी फोल्डर माझा होता, हे सांगितलं पाहिजे. त्यात काय असावं ते मी ठरवायची. भावाला काही बदलायचं असलं तर त्याने मला पाठवायचं आणि मी होय म्हटलं तरच ते आत जायचं, असं कुलूप मीच लावून ठेवलं होतं. गावाकडे सामाईक विहीर असते आणि मोटरीच्या पेटीची किल्ली एकाच चुलत्याच्या खिशात असते, त्यातला प्रकार. माझी कारणं चांगली होती. मी थोरली, मला अनुभव जास्त, आणि दोघांनी हात घातला की घोळ होतो. वडीलही आपल्या हुकमांची कारणं अशीच चांगली द्यायचे.

त्या सुमाराला आम्हाला राधानगरीच्या बाजूच्या एका दूध संघाचं काम मिळालं. जनावर आजारी पडलं, अडलं, तर डॉक्टरला बोलवायचं ॲप. आधी गवळ्याने गावातल्या दूध संस्थेच्या सचिवाला गाठायचं, सचिवाने संघाच्या ऑफिसला फोन करायचा आणि ऑफिसने डॉक्टरला शोधायचं, असा तीन हातांतून निरोप जायचा. आता मोबाईलवर बटण दाबलं की कॉल थेट डॉक्टरच्या यादीत दिसणार होता. संघाच्या ऑफिसचं एकच म्हणणं होतं, की सगळं जनावराच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर चालावं. बिल्ल्याचा आकडा घातला की जनावर कुणाचं, वय काय, आधी काय झालेलं, सगळं निघतं. मला ते पटलं. स्वच्छ होतं. मी सामाईकमध्ये लिहून टाकलं, बिल्ला असलाच पाहिजे.

ॲप लोकांना शिकवायला भाऊ गावोगाव फिरला. मी काही गेले नाही, सर्व्हर सोडून कसं जाणार. तो आला की त्याच्या बुटांना शेणामातीचा थर असायचा आणि आई त्याला अंगणातच अडवायची. एका संध्याकाळी तो हातपाय धुऊन वर आला आणि माझ्या टेबलाशी उभा राहिला.

"अक्का, बिल्ल्याचं ऐच्छिक करूया काय? असला तर घालायचा, नसला तर नसला."

"का?"

"लई जनावरांना न्हाईच. बाजारातनं नवीन आणलेली असत्यात. कुणाचा कान फाटलाय, बिल्ला पडलाय."

मी स्क्रीनवरून मान वर केली नाही. म्हटलं, "मग लावून घेतील. सवय लागू दे की लोकांना. आपण सैल सोडलं तर कोण लावतंय?"

तो आपल्या टेबलाकडे वळला. मग म्हणाला, "व्हय अक्का."

मला वाटलं, विषय संपला. विषय संपल्यावर मला बरं वाटतं. माझ्या स्वभावातच ते आहे.

दिवाळी झाली आणि मी सर्व्हरची साफसफाई काढली. सामाईक फोल्डर होण्याच्या आधीपासून तिथे काही जुना कोड पडून होता. त्यात एक तुकडा असा होता, की बिल्ला नसेल तर गावाच्या नावावरून डॉक्टर शोधून कॉल त्याच्या यादीत टाकायचा. अगदी सुरुवातीला, काहीच ठरलं नव्हतं तेव्हा, मीच तो लिहिला होता. आता ज्यात आपण कोड लिहितो ते साधनच मला सांगायला लागलं, की ही अट कधीच खरी होणार नाही, बिल्ला असतोच असं तुम्हीच लिहून ठेवलंय. मी जळमट काढावं तसा तो तुकडा काढून टाकला. भावाला सांगितलं नाही. सांगायची गरज पडू नये म्हणूनच तर सगळा खटाटोप केला होता.

त्यानंतर काही दिवसांनी सकाळी संघाच्या अधिकाऱ्यांचा फोन आला. माणूस सभ्य होता, पण आवाज चढलेला होता. वरच्या अंगाच्या एका वाडीत एका बाईची म्हैस आदल्या दिवशी अडली. बाईने ॲपवरून कॉल दिला. डॉक्टर जवळच्याच गावात होते, पण त्यांच्या यादीत कॉल आलाच नाही. दुपार टळली तेव्हा शेजारचा एकजण मोटरसायकल घेऊन डॉक्टरांना हुडकून आणायला गेला. म्हैस वाचली. रेडकू मेलेलं निघालं.

मी म्हटलं, बघते. आणि मनात म्हटलं, असं होणं शक्य नाही.

कॉल सर्व्हरवर होता. वेळ बरोबर, गाव बरोबर, बाईंचं नाव बरोबर. बिल्ल्याच्या जागी काहीच नव्हतं. मी बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत बसले. ही जागा रिकामी असूच शकत नव्हती. आधी मला वाटलं, कुणीतरी बाहेरून घुसून छेडछाड केली. मग वाटलं, माहिती साठवताना काही बिघडलं. आपल्या घरातलं माणूस असेल हे माझ्या डोक्यात सगळ्यात शेवटी आलं.

भाऊ खाली आंघोळीला गेला होता. मी त्याचा कोड उघडला. सामाईक फोल्डर झाल्यापासून तो मी कधी उघडलाच नव्हता. कुठे लाल रेघच नसताना कशाला उघडायचा? आता त्यात मला जागोजागी एकच शब्द दिसला, एनी. ज्या ठिकाणी लाल रेघ येते तिथे हा शब्द लिहिला की रेघ गप्प बसते. त्याचा अर्थ, इथे काहीही असू दे, मला विचारू नकोस. नवशिक्यांना मी शिकवते की हा शब्द वापरायचा नाही. त्यालाही पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, आणि वर हेही, की टाइप फक्त लिहिणाऱ्याला अडवतो, ॲप चालू झालं की त्यातलं काही उरत नाही, म्हणून सर्व्हरने दारात आलेलं परत तपासून घ्यावं. हे दुसरं मी स्वतःच केलं नव्हतं. दारात येणारा घरचाच आहे, त्याला काय तपासायचं, असं मला वाटलं होतं.

मी एकेक एनी बघत गेले. बिल्ल्यापाशी होता. बाई कॉल देते पण खातं नवऱ्याच्या नावावर असतं, तिथे होता. गावाला तालुका लागतो पण वाडीला लोक तालुका सांगत नाहीत, तिथे होता. ज्या ज्या ठिकाणी त्याला माझ्या टेबलाशी येऊन उभं राहावं लागलं असतं, त्या त्या ठिकाणी तो शब्द होता. शिकवणीची वही सायकलला लावून तो मॅच बघायला गेला होता. यावेळी शिकवणी माझी होती.

तो डोकं पुसत वर आला आणि मी त्याच्यावर तुटून पडले. काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. रेडकाचं कानावर गेल्यावर तो टॉवेल तसाच खांद्यावर घेऊन खुर्चीत बसला.

"कुठल्या वाडीतलं?" त्याने विचारलं. मी सांगितलं. "त्या मावशीला मीच शिकवलंय," तो म्हणाला. "बिल्ला न्हाई म्हणाली, तर म्हटलं, मोकळं सोडा मावशी, जातंय."

एवढं बोलून त्याने गाडीची किल्ली घेतली. कुठे चाललास म्हटलं, तर म्हणाला, जाऊन येतो. म्हटलं, थांब, मीही येते. बिल्ल्याविना कॉल आजवर ज्याच्यावर जात होते तो दिवाळीनंतर काढलेला जुना तुकडा मी सर्व्हरवर परत चढवला, बिल्ला नसलेले कॉल यादीत यायला लागले की नाही ते बघितलं, आणि त्याच्या मागोमाग जिन्यावरून उतरले.

मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. ऊसतोड सुरू झाली होती, त्यामुळे ट्रॅक्टरच्या मागे रखडत जावं लागत होतं. मी मनात वाक्यं जुळवत होते. चूक आमची आहे, म्हणजे माझी आहे. हे वाक्य मी भावासमोर अजून म्हटलं नव्हतं.

मावशी गोठ्यातच होत्या. म्हैस उभी होती, पण मान टाकून. खाली स्वच्छ झाडलेलं होतं. भावाला बघून त्या म्हणाल्या, "या पावणं." मग मला बघून, "ह्या कोण?"

"थोरली बहीण," तो म्हणाला. "मावशी, माझं चुकलं. तुमचा कॉल माझ्यामुळं गेला न्हाई."

"त्याचं नाही, माझं चुकलं," मी म्हटलं.

"न्हाई मावशी, मीच तुम्हास्नी म्हटलतं मोकळं सोडा म्हणून."

"मोकळं सोडलं तरी चालायला हवं होतं. ते मी..."

"आता माझ्या दारात भांडू नका," मावशी म्हणाल्या. "बसा."

आम्ही बसलो. त्यांनी आतून मोबाईल आणला आणि माझ्यापुढे धरला. त्यावर अजून तो कॉल होता. हिरवी टिक आणि खाली वाक्य, डॉक्टरांना कळवले आहे. ते वाक्य मी लिहिलं होतं. कॉल सर्व्हरवर पोचला की ते जायचं. डॉक्टरांना खरोखर कळलं की नाही याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

"हे आलतं," त्या म्हणाल्या. "म्हणून मी आपली निवांत बसले. पाणी तापवलं, दिवा लावला. म्हटलं येतोय डॉक्टर. न्हाईतर मी सचिवाच्या दारात पळत गेले असते की. आजवर तसंच करत आलोय." म्हशीकडे बघून म्हणाल्या, "रेडी हुती."

त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला फार बरं झालं असतं. आमच्याकडे माणसं एवढ्यातेवढ्याला तोंड सोडतात, आणि नेमकी ज्या दिवशी मला शिव्या खायच्या होत्या त्या दिवशी ही बाई चहा टाकायला उठली. मी नको म्हटलं. त्या म्हणाल्या, "नको कशाला? शेजारणीचं दूध हाय की." आणि त्या दुधाचा चहा मी प्याले.

निघताना त्यांनी भावाला विचारलं, "आता ह्याच्यावर दाबू का फोन करू?"

भावाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "दोन्ही करा मावशी."

"मग ह्याचा उपेग काय?" त्या म्हणाल्या, आणि उत्तराची वाट न बघता म्हशीपुढे वैरण टाकायला गेल्या.

परतताना भाऊ गाडी चालवत होता. बरंच अंतर गेल्यावर मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलतं की."

"एकदा सांगितलंस. परत सांगायचं. भांडायचं. आधी भांडत होतास की माझ्याशी."

एका ठिकाणी रस्त्याकडेला उसाची ट्रॉली कलंडली होती, म्हणून सगळी वाहनं थांबली. त्याने इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते.

"आधी कसं हुतं," तो म्हणाला, "तुझं तुझ्याकडं, माझं माझ्याकडं. काय बिघडलं तर मी ओरडलो तरी चालत हुतं. कारण निम्मं तुझंबी चुकलेलं असायचं. आता काय बी म्हणायचं झालं तर तुझ्याकडं यायचं, आणि तू न्हाई म्हणणार. एकदा न्हाई म्हटल्यावर तू कशी बघतीस, तुला ठाऊक न्हाई."

"कशी बघते?"

तो समोर बघत राहिला. मग म्हणाला, "मला तुझी भीती वाटती, अक्का."

तो पस्तिशीचा आहे. त्याला मुलगी आहे. त्याला मी चालायला शिकवलंय असं आई सांगते. मी खिडकीबाहेर बघत बसले आणि रडले नाही, कारण मी रडले असते तर त्याने लगेच माघार घेतली असती, म्हटलं असतं, तसं न्हाई गं. ते मला नको होतं. मला ते वाक्य तसंच राहायला हवं होतं.

घरी आल्यावर जे करण्यासारखं होतं ते मी केलं. बिल्ला ऐच्छिक केला. सर्व्हर आता दारात आलेली प्रत्येक गोष्ट तपासतो, घरची असली तरी. डॉक्टरने स्वतः कॉल बघितल्याशिवाय टिक येत नाही. संघाच्या अधिकाऱ्यांना जे घडलं ते सगळं सांगितलं, कुणाचं काय चुकलं तेही. सामाईक फोल्डरचं कुलूप काढलं. भावाला म्हटलं, आता तुला वाटेल ते बदल, मला विचारू नकोस, फक्त एनी लिहू नकोस. तो होय म्हणाला.

आणि तिथेच माझी पंचाईत झाली. आता त्याच्या होयवर माझा विश्वास नाही. तो होय म्हणाला की मी विचारते, खरंच? तो म्हणतो, खरंच. मग मी त्याच्या तोंडाकडे बघते आणि मला काही कळत नाही. पहिले काही दिवस मी चोरून त्याचा कोड उघडून एनी शोधत असे. एकही सापडला नाही, आणि दरवेळी मला स्वतःचीच लाज वाटली. ज्याला भीती वाटते म्हणून तो लपवायला लागला, त्याच्यावर मी आता पाळत ठेवत होते. ते बंद केलं. शेजारच्या काकूंनी परवा विचारलं, पोरांचं बरं चाललंय ना, आवाज येत नाही. आईने काय उत्तर दिलं ते मला माहीत नाही.

मी त्याच्या एका नकाराची वाट बघत होते. म्हणजे त्याने माझ्या तोंडावर, मोठ्याने, भांडल्यासारखं नाही म्हणावं. रोज काही ना काही त्याच्यापुढे टाकायची, हे बरोबर वाटतं का, बघ बरं, तुला काय वाटतं. तो म्हणायचा, बरोबर हाय. मी मुद्दाम एखादी चूकही करून ठेवायची. तो ती गुपचूप दुरुस्त करायचा आणि सांगायचा नाही.

मागच्या आठवड्यात लसीकरणाचं नवीन काम आलं. कुठल्या जनावराला कधी लस टोचली, पुढची कधी, मालकाला आठवण पाठवायची. मी सामाईकमध्ये वर्णन लिहिलं. जनावर, त्याचा मालक, तारखा. नेहमीसारखं त्याला म्हटलं, बघ बरं. यावेळी मी खरोखर विचारलं नव्हतं, सवयीने म्हटलं होतं. ते वर्णन मला स्वतःलाच आवडलं होतं.

तो माझ्या टेबलाशी आला, वाकून बघितलं, आणि म्हणाला, "न्हाई अक्का. हे चुकतंय."

"काय चुकतंय?"

"मालक एकच धरलायस. आपल्याकडं म्हैस वाट्यानं देत्यात की. म्हैस एकाची, सांभाळती दुसरी, दूध तिच्याकडं. आठवण मालकाला गेली तर तो शहरात कुठं तर बसलाय. जिच्या दावणीला म्हैस हाय तिला कळणारच न्हाई. दोघांस्नी धरायला पायजे."

एवढे महिने मी ज्याची वाट बघत होते ते हेच होतं. त्याने मोठ्याने म्हटलं होतं, माझ्या तोंडावर, आणि बरोबर म्हटलं होतं. आणि मला राग आला. आनंद वगैरे नंतर, सगळ्यात आधी राग. कपाळ तापलं, जबडा आवळला. मी काही बोलायच्या आत तो चेहऱ्यावर येऊन गेला होता.

त्याने तो बघितला. लगेच सरळ उभा राहिला. म्हणाला, "बरं, ऱ्हाऊ दे. तुझं हाय तसंच ठेवूया."

मी म्हटलं, अरे नाही, तुझंच बरोबर आहे, बदलते मी. आणि त्याच्यासमोरच बदललं. मालकाच्या खाली सांभाळणाऱ्याची ओळ घातली, दोघांना आठवण जाईल असं लिहिलं, आणि हे बघ, म्हणून स्क्रीन त्याच्याकडे फिरवली. तो स्क्रीनकडे बघतच नव्हता. राग उतरला का ते बघत, माझ्या तोंडाकडे बघत उभा होता.